मुलगी शिकली की नेमकी प्रगती होते कशी?

‘मुलगी शिकली, प्रगती झाली’ ही ओळ महाराष्ट्रातल्या कितीतरी झेडपी शाळांच्या भिंतीवर रंगवलेली दिसते. ओळ खरी आहे. पण भिंतीवर जागा कमी, म्हणून मधला सगळा भाग गाळलाय. कितवीपर्यंत शिकली? शिकली म्हणजे काय आलं? आणि प्रगती झाली ती कुठल्या वाटेने? हा मधला भाग कळला नाही की योजनांचा पैसा भलत्याच ठिकाणी जातो. भारत, बांगलादेश, पाकिस्तान, केनिया अशा देशांत गेल्या तीसेक वर्षांत या प्रश्नाचं बरंच मोजमाप झालंय. त्यातून एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. फायद्याचा मोठा वाटा आठवी ते बारावीच्या चार-पाच वर्षांत दडलेला आहे, आणि मुली गळतात त्याही नेमक्या तिथेच.

सुरुवात एका पुडीपासून करू. दोन वर्षांच्या बाळाला जुलाब लागलेत. आशाताईंनी ओआरएसची पुडी आणि झिंकच्या गोळ्या दिल्यात. मोठी पुडी एक लिटर पाण्यासाठी असते, पण घरात लिटरचं माप असतंच असं नाही. मग कोणी पेलाभर पाण्यात अर्धी पुडी ओततं, कोणी हंडाभर पाण्यात एकच पुडी टाकतं. पहिल्या प्रकारात मीठ फार होतं आणि बाळाची अवस्था बिघडू शकते. दुसऱ्यात पाणी पाजल्याचं समाधान तेवढं मिळतं. केलेलं पाणी चोवीस तासांनी उरलं तर फेकायचं असतं. झिंकचं प्रमाण सहा महिन्यांवरच्या बाळाला रोज २० मिलिग्रॅम, असं १४ दिवस. खरी गंमत इथे आहे. जुलाब तीन-चार दिवसांत थांबतात, आणि बहुतेक घरांत गोळ्याही त्याच दिवशी थांबतात. उरलेल्या दहा दिवसांच्या गोळ्या पुढच्या दोन-तीन महिन्यांत जुलाब पुन्हा लागू नयेत म्हणून असतात. समोर बाळ हसतंखेळतं दिसत असताना, न दिसणाऱ्या कारणासाठी रोज गोळी विरघळवून द्यायची, हे काम वाटतं तितकं सोपं नाही.

पुडीवरची सूचना वाचता येणं हा यातला एक भाग झाला, आणि तसा छोटाच. मोजून घेण्याची सवय, ‘ताई, किती दिवस म्हणालात?’ असं पुन्हा विचारण्याची हिंमत, सासू ‘बरं झालंय की आता, कशाला औषधं कोंबतेस’ म्हणाली तरी टिकून राहण्याइतका स्वतःवर विश्वास, आणि बाळ सुस्त पडलं तर कोणाची वाट न बघता दवाखाना गाठणं, हे सगळं शाळेच्या वर्षांबरोबर वाढत जातं. म्हणूनच पाचवीपर्यंत शिकलेली आई आणि बारावी झालेली आई यांच्यातला फरक फक्त वाचनाचा उरत नाही.

आकडे बघा. १७५ देशांची १९७० ते २००९ या काळातली आकडेवारी तपासणारा एक अभ्यास २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्या काळात पाच वर्षांखालच्या मुलांचे जे मृत्यू टळले, त्यातले निम्म्याहून थोडे जास्त, म्हणजे सुमारे ४२ लाख, बायकांचं शिक्षण वाढल्यामुळे टळले असा त्याचा हिशोब होता. २०२१ मध्ये आलेल्या दुसऱ्या मोठ्या विश्लेषणात आईच्या शिक्षणाचं एकेक वर्ष मुलाच्या पाच वर्षांच्या आत दगावण्याची शक्यता साधारण ३ टक्क्यांनी कमी करताना दिसलं. बापाच्या शिक्षणाच्या एका वर्षाने दीड टक्का. बापाचं शिक्षण बिनकामाचं नाही, पण आईच्या तुलनेत निम्मं.

पाकिस्तानात अभ्यासकांनी मोजलेली एक गोष्ट मला या मोठ्या आकड्यांपेक्षाही बोलकी वाटते. थोडंफार शिकलेल्या आईची मुलं घरी अभ्यासात रोज ७२ मिनिटं जास्त घालवत होती. सव्वा तास. शिकवणीला पैसे न देता.

आता शंका काढायलाच हवी. मुलीला बारावीपर्यंत शिकवणारं घर मुळातच बऱ्या परिस्थितीतलं असतं. त्या घरची नातवंडं धडधाकट निघाली, तर ते श्रेय शिक्षणाचं की पैशाचं? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) शाळेचं तोंडही न पाहिलेल्या बायकांना सरासरी २.८ मुलं होती आणि बारावी किंवा पुढे शिकलेल्यांना १.८. हा एका अख्ख्या मुलाचा फरक डोळ्यांत भरतो, पण नुसत्या या तुलनेवरून शिक्षणामुळेच तो पडला असं म्हणता येत नाही. त्यासाठी दोन सारखे गट घेऊन, एकाला शिकायची संधी वाढवून द्यावी लागते आणि मग थांबून बघावं लागतं.

पश्चिम केनियात असंच केलं. तिथे २००३ मध्ये प्राथमिक शाळेची फी रद्द झाली होती, उरला होता तो मुख्यतः गणवेशाचा खर्च. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या शाळांत सहावीच्या मुलांना गणवेश फुकट दिला, शाळेत टिकली तर दीड वर्षाने दुसरा. बाकी काही नाही. तीन वर्षांनी पाहिलं तर मुलींची गळती १९ टक्क्यांवरून १६ वर आली होती, आणि किशोरवयातलं गरोदरपण १६ वरून १३ वर. लैंगिक शिक्षणाचा तास नाही, उपदेश नाही. मुलगी शाळेत राहिली एवढंच. शाळेत असलेल्या मुलीचं लग्न किंवा बाळंतपण पुढे ढकललं जातं, कारण तिच्या दिवसाला आधीच एक आकार असतो. घरी बसलेली सोळा वर्षांची मुलगी मात्र चारचौघांच्या नजरेत ‘लग्नाची’ होऊन बसते.

नववीचा उंबरठा

आपल्याकडे ही गळती कुठे होते ते समजायचं असेल तर आठवीचा निकाल हातात पडतो त्या दिवशी काय काय संपतं ते मोजा. शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयासाठी, म्हणजे पहिली ते आठवी. शालेय पोषण आहार आठवीपर्यंत. फुकट पाठ्यपुस्तकं आठवीपर्यंत. गावातली झेडपी शाळा तर बऱ्याचदा त्याआधीच संपलेली असते, पुढचं हायस्कूल मोठ्या गावात किंवा तालुक्याला. महाराष्ट्रात मुलींना बारावीपर्यंत फी माफ आहे हे खरं, पण फी हा घराच्या हिशोबातला सगळ्यात मोठा आकडा नसतोच. वह्या, गणवेश, प्रवास, आणि ती शाळेत गेल्यामुळे घरच्या कामाचं होणारं नुकसान हे धरावं लागतं. म्हणजे खर्च वाढतो, जेवण थांबतं आणि अंतर लांबतं, तिन्ही एकाच जून महिन्यात. वर मुलगी तेव्हा चौदा-पंधराची झालेली असते.

अंतराचं महत्त्व सगळ्यात स्वच्छ दाखवलं ते बिहारने. २००६ मध्ये तिथल्या सरकारने नववीत दाखल होणाऱ्या प्रत्येक मुलीला सायकलसाठी २,००० रुपये द्यायला सुरुवात केली. त्याच काळात बिहारमध्ये रस्ते झाले, कायदा-सुव्यवस्था सुधारली, मग श्रेय सायकलचं कसं ठरवायचं? अभ्यासकांनी मुलींची वाढ घेतली, त्यातून बिहारच्याच मुलांची वाढ वजा केली, आणि शेजारच्या झारखंडमध्ये मुलामुलींत जो फरक पडला होता तोही वजा केला. एवढी वजाबाकी करूनही माध्यमिक शाळेतल्या मुलींची संख्या ३२ टक्क्यांनी वाढलेली निघाली, आणि मुलगे-मुलींच्या पटातली दरी ४० टक्क्यांनी घटली. वाढ जवळजवळ सगळी तीन किलोमीटर किंवा त्याहून लांब शाळा असलेल्या गावांतली होती. जिथे शाळा हाकेच्या अंतरावर, तिथे सायकल येऊनही फारसा फरक नाही. यावरून कळतं की अडत होतं ते आईबापांच्या मानसिकतेपेक्षा बरंचसं किलोमीटरमध्ये. पुढे दहावीच्या परीक्षेला बसणाऱ्या मुली १८ टक्क्यांनी वाढल्या, पास होणाऱ्या १२ टक्क्यांनी. या दोन आकड्यांमधल्या फटीकडे आपण परत येऊ.

सायकल चालली त्यामागे आणखी एक साधी गोष्ट होती. गावातल्या सगळ्या नववीच्या मुलींकडे एकदमच सायकल आली, त्यामुळे त्या घोळक्याने जायच्या. एकटी मुलगी सायकलवर निघाली तर चर्चा होते; आठ जणी निघाल्या की ती शाळेची वेळ होते. महाराष्ट्रात अहिल्यादेवी होळकर योजनेत मुलींना एसटीचा पास फुकट आहे, मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बस आहेत, सायकलीही आहेत. बिघडतं ते वेळापत्रकात. शाळा सुटते पाचला, बस साडेचारला किंवा साडेसहाला. दहावीचे जादा तास सकाळी सातला, पहिली गाडी आठला. सायकल वाटपाची फाइल फिरत फिरत फेब्रुवारीत पूर्ण होते, तोवर वर्ष संपत आलेलं. पंक्चर काढणारा तालुक्याला, मग तीस रुपयांच्या पंक्चरसाठी सायकल आठवडाभर भिंतीला टेकलेली. योजना आखणाऱ्याने शाळेच्या खोलीत पंप, पंक्चरची पट्टी आणि पाना ठेवला तर खर्च काही शे रुपये.

शौचालय आणि पॅड यांत फरक आहे

मासिक पाळीमुळे मुली शाळा सोडतात, असं सगळेच सांगतात, आणि त्यावर पॅडवाटप हा ठरलेला उपाय. नेपाळच्या चितवनमध्ये हे नीट मोजलं गेलं, तेव्हा पाळीमुळे मुलींची वर्षभरात अर्धा दिवससुद्धा शाळा बुडत नव्हती, आणि मासिक पाळीचे कप वाटूनही हजेरीत फरक पडला नाही. कप मुलींना आवडले, वापरायला सोयीचे वाटले, तो भाग वेगळा. पॅड द्यावेत, जरूर द्यावेत, मुलींच्या आरोग्यासाठी आणि सोयीसाठी. फक्त त्याने गळती थांबेल असं समजू नये.

शौचालयाची गोष्ट निराळी. भारतातल्या शाळांमध्ये झालेल्या बांधकामाचा अभ्यास सांगतो की लहान मुलांना कोणतंही शौचालय चालतं, पण वयात आलेल्या मुलींची पटसंख्या वाढते ती स्वतंत्र शौचालय असेल तरच. आणि ‘असेल’ याचा अर्थ तपासणीच्या कागदावर टिक असणं नव्हे. आतून लागणारी कडी, बादलीत पाणी, झाकणाचा डबा, तो रिकामा करणारं माणूस, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे किल्ली कुठे आहे. किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या खणात असेल तर चौदा वर्षांची मुलगी ती मागायला जाणार नाही. ती सकाळपासून पाणी न पिता बसेल.

पैसा कधी द्यायचा

बांगलादेशाने १९९४ पासून ग्रामीण भागातल्या माध्यमिक शाळांतल्या मुलींना शिष्यवृत्ती दिली. अटी तीन: ७५ टक्के हजेरी, परीक्षेत ४५ टक्के गुण, आणि दहावीची परीक्षा होईपर्यंत लग्न नाही. पैसे मुलीच्या स्वतःच्या नावच्या बँक खात्यात. काही वर्षांतच माध्यमिक शाळेत मुली मुलांपेक्षा जास्त दिसू लागल्या. इथे पैसा ज्या वर्षी अडचण येते त्याच वर्षी, आणि टप्प्याटप्प्याने पोचत होता.

हरियाणाने त्याच वर्षी दुसरी वाट धरली. मुलीच्या जन्मानंतर सरकार तिच्या नावावर रक्कम गुंतवणार, ती अठराची झाली आणि तोवर अविवाहित असली तर सुमारे २५,००० रुपये मिळणार. अठरा वर्षांनी तपासणी झाली तेव्हा दिसलं की बऱ्याच घरांनी हा पैसा लग्नासाठीचाच धरला होता. सरकारला अभिप्रेत होता मुलीला आधार. घरापर्यंत पोचलेला निरोप होता, ‘अठरा झाली की उरका, सरकार खर्चाला हातभार लावतंय.’

हे लक्षात घेऊन आपल्या ‘लेक लाडकी’ योजनेचे हप्ते बघा. पिवळ्या आणि केशरी रेशनकार्डावरच्या कुटुंबात १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या मुलीला जन्मानंतर ५,०००, पहिलीत ६,०००, सहावीत ७,०००, अकरावीत ८,००० आणि अठरा पूर्ण झाल्यावर ७५,०००. एकूण १ लाख १ हजार. जिथे पाय घसरतो त्या नववीला एक रुपयाही नाही, आणि तीन चतुर्थांश रक्कम शेवटच्या टप्प्यावर. अकरावीचा हप्ता चांगला आहे. पण नववी-दहावी पार करून ती अकरावीपर्यंत पोचणार कशी, याचं उत्तर या तक्त्यात नाही.

बीड आणि आसपासच्या ऊसतोडीच्या पट्ट्यात हा प्रश्न आणखी टोकदार होतो. मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो ती ‘कोयत्याला’, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्या मुलाला किंवा एकट्या मुलीला कोयता मोजत नाहीत. दसरा-दिवाळीला निघालेलं कुटुंब मार्च-एप्रिलला परततं. चौदा वर्षांच्या मुलीला मागे ठेवावं तर कोणाच्या भरवशावर, बरोबर न्यावी तर शाळा बुडते आणि ती धाकट्यांना सांभाळत खोपीवर बसते. लग्न लावून दिलं तर काळजी मिटते आणि एक नवा कोयता तयार होतो. या घराला बालविवाहाचे तोटे सांगणारं पथनाट्य दाखवून काय होणार? हंगामी वसतिगृहांची सोय प्रामुख्याने आठवीपर्यंतच्या वयासाठी आहे. नववी-दहावीच्या मुलीला सहा महिने सुरक्षित राहायची जागा मिळाली, तरच त्या घराचा हिशोब बदलतो.

शिकून पुढे काय

जगभरच्या आकडेवारीवरून शिक्षणाचं एकेक वर्ष मिळकतीत सरासरी ९ टक्क्यांची भर घालतं, बायकांच्या बाबतीत पुरुषांपेक्षा दोनेक टक्के जास्तच. पण हा हिशोब कमावणाऱ्या बायकांचा. भारतात पंधरा वर्षांवरच्या बायकांचा कामातला सहभाग २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता, २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्के झाला, आणि या वाढीचा मोठा भाग स्वतःच्या शेतावर किंवा घरच्या धंद्यात बिनपगारी राबण्याचा आहे. डिग्री आणि पगार यांच्यामधला पूल अजून कच्चाच आहे.

तरी नोकरी समोर दिसली की घरं किती लवकर बदलतात याचा एक सुंदर प्रयोग झालाय. दिल्लीच्या आसपासच्या राज्यांतली १६० गावं घेऊन, चिठ्ठ्या टाकून निम्म्या गावांत तीन वर्षं कॉल सेंटरसारख्या नोकऱ्यांची भरती करणारे लोक पाठवले. मुलींना नोकरी कशी मिळते, मुलाखतीला काय लागतं, एवढंच सांगायचं. त्या गावांत पंधरा ते एकवीस वयाच्या मुलींची लग्नं आणि बाळंतपणं पाच-सहा टक्के बिंदूंनी कमी झाली, आणि ज्यांना नोकरी लागायला अजून दहा वर्षं होती त्या लहान मुलीसुद्धा शाळेत जास्त जाऊ लागल्या. पश्चिम बंगालमध्ये महिला प्रधानासाठी (म्हणजे सरपंचासाठी) दोनदा राखीव राहिलेल्या गावांत किशोरवयीन मुलगे-मुलींच्या शिक्षणातली दरी नाहीशी झाली. समोर एक बाई ग्रामसभा चालवताना दिसते, याचा परिणाम होतो.

आणि शिकलेल्या मुली गावाला काय देतात? पाकिस्तानी पंजाबात ज्या गावात सरकारी मुलींचं हायस्कूल होतं, तिथे पुढे खाजगी प्राथमिक शाळा निघण्याचं प्रमाण बरंच जास्त होतं. कारण साधं: गावाबाहेर नोकरीला जाऊ न शकणाऱ्या दहावी झालेल्या मुली शिक्षिका झाल्या. आपल्याकडे एएनएमच्या, म्हणजे आरोग्य उपकेंद्रातल्या नर्सबाईच्या, प्रशिक्षणाला बारावी लागते, आशा कार्यकर्तीला आठवी किंवा दहावी. पाड्यात दहावी झालेली मुलगीच नसेल तर ती ओआरएसची पुडी घेऊन दारात येणार कोण? अफगाणिस्तानात सप्टेंबर २०२१ पासून सहावीपुढे मुलींना शाळा बंद आहे, डिसेंबर २०२२ मध्ये विद्यापीठं बंद झाली आणि डिसेंबर २०२४ मध्ये नर्स व सुईणीचं प्रशिक्षणही. पुरुष डॉक्टरने बाईला तपासणं जिथे कठीण, तिथे दहा वर्षांनी बाळंतपण कोण करणार, याचं गणित आजच मांडता येतं.

आता बिहारमधली ती फट. परीक्षेला बसणाऱ्या १८ टक्क्यांनी वाढल्या, पास होणाऱ्या १२ टक्क्यांनी. मुलगी शाळेत आली याचा अर्थ ती शिकली असा नाही. मुलांना वाचन-गणित किती येतं हे तपासणाऱ्या ‘असर’ या पाहणीत २०२३ मध्ये चौदा ते अठरा वयाच्या सुमारे एक चतुर्थांश मुलामुलींना दुसरीच्या पातळीचा मजकूरही आपल्या भाषेत अडखळल्याशिवाय वाचता येत नव्हता. अशा मुलीला नववीत बसवून बीजगणित शिकवलं तर ती दोन चाचण्यांत खाली येते, आणि ‘तिला अभ्यासात गोडी नाही’ हे घराला हवं असलेलं कारण आयतं मिळतं. नववीच्या पहिल्या सहा आठवड्यांत रोज एक तास वाचन आणि भागाकार-अपूर्णांक पक्के करून घेतले तर तेच कारण बऱ्याच घरांत उरणार नाही, पण वेळापत्रकात हा तास कोणी धरत नाही.

गावपातळीवर हे अडवायला मोठी यंत्रणा लागत नाही. आठवीच्या शाळेत शाळा सोडल्याच्या दाखल्यांची फाइल असते. जुलै संपताना ती उघडायची. ज्या मुलीचा दाखला कोणी न्यायला आलं नाही, किंवा हायस्कूलने मागवला नाही, ती मुलगी कुठेच दाखल नाही. शाळा व्यवस्थापन समितीने ही नावं लिहून काढायची, प्रत्येक नावापुढे कारण लिहायचं: अंतर, खर्च, घरकाम, स्थलांतर, ठरलेलं लग्न. अंतर असेल तर एसटीच्या आगाराकडे वेळेचा अर्ज, स्थलांतर असेल तर नातेवाईक किंवा वसतिगृहाची जागा, आणि हे सगळं ऑगस्टच्या आत. दसऱ्याला ट्रक भरायला लागले की घरी जाऊन समजावण्यासारखं घरात कोणी उरलेलं नसतं.